अक्कांच्या दारातली गाडी

धुळं मागे पडलं तेव्हा सकाळचं धुकं विरलं होतं आणि मला भरिताचे वेध लागले होते. नरडाण्याच्या एका कारखान्यात दिशादर्शक पाट्या लावायच्या होत्या. लोकांची नजर कुठे जाते, पाय कुठे वळतात, हे ओळखणं हाच माझा धंदा. एका धाब्यापुढे गाड्यांची रांग दिसली. तिथलंच भरीत चांगलं असणार म्हणून वेग वाढवला, तर अलीकडेच टायर पंक्चर. स्टेपनीतही हवा नव्हती. झाली पंचाईत.

गाडी थांबली ती एका रिकाम्या हॉटेलासमोर. मालकीणबाई, अक्का, दारातच उभ्या होत्या. काळ्यावर पिवळी, मोजक्या शब्दांची पाटी लांबून वाचता येत होती. मीही याहून वेगळी केली नसती.

"पाटी झकास आहे, अक्का."

"पाटी शे, गिऱ्हाईक नही. बठ्ठा (सगळे) लोके पुढे जातस. संक्रांत लगून (पर्यंत) नही चालनं ते दुकान बंद. मंग पोरकडे सुरतले जासू."

सुरतचं नाव घेताना त्यांचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं.

चाक रिक्षातून नरडाण्याला धाडलं आणि जेवायला बसलो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी नि उडदाची). घास तोंडात जातो तोच एक कुटुंब गाडीतून उतरलं. मागोमाग ट्रक, मग मोटारसायकली. मी बाहेर डोकावलो. माझ्या गाडीचं नसलेलं चाक रस्त्यावरून दिसतच नव्हतं. येणाऱ्याला वाटे, इथे कुणी जेवतंय.

"अक्का, लोक पाटी वाचत नाहीत, गाड्या बघतात. मीही त्यांतलाच."

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. चाक बसवून झालं तरी सोडेनात.

"थांबा ना भाऊ. गाडी आठेच (इथेच) ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. कारखान्यात उशिरा पोचलो आणि बोलणी खाल्ली.

आठवड्याने काम आटोपून परतताना रस्त्यापलीकडे एका हॉटेलापुढे ही गर्दी. उलट्या बाजूने ओळखू आलं नाही, पाय मात्र आपसूक ब्रेकवर गेला. वळसा घालून पोचलो तर अक्कांचंच हॉटेल! सगळ्यांत पुढे एक जुनी जीप, धुऊन लख्ख केलेली.

"मना मालकनी (नवऱ्याची) जीप. इंजिन नही तिले. गोठामा पडेल व्हती."

"आणि सुरत?"

"पोरले सांगी दिधं, तूच ये आठे. वाढाले माणूस लागस."

पाटी जीपच्या आड गेली होती. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं आणि मला, पाट्यांवर पोट असणाऱ्याला, त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. मी गाडी जीपशेजारी, रस्त्यावरून नीट दिसेल अशी लावली आणि भरीत मागवलं.