गोड धूर

माह्या नवऱ्याच्या अंगाले पेट्रोलचा वास येते, हे मी लग्नाच्या आधीच आईले सांगून ठेवलं होतं. हे मले पाहायले बोरगावले आले तेव्हा हातपाय घासून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पण पोह्याची बशी द्यायले मी वाकली अन् वास आलाच. आई म्हणाली, "वास काय शोभा, साबणानं जाते. माणूस सुधा आहे, सरळ." माणूस सुधा निघाला. साबणं संपली, वास काही गेला नाही.

तेव्हा हे पांढुर्ण्याले स्टेशनजवळ चिंधू मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकून राहिले होते. मिस्त्रीची शिकवण एकच. गाडी चालू कराची, मागं जाऊन उकिडवं बसाचं अन् धूर हुंगाचा. "मधुकर, धुराले विचार. ड्रायव्हरले नको विचारू, तो खोटं बोलते." डोळे झोंबले तर पेट्रोल जास्त. करपट आला तर ऑइल जळून राहिलं. हे असे तयार झाले की सौंसरले आम्ही विहाराच्या मागं, घराले लागूनच, आपलं गॅरेज टाकलं, तर पांढुर्ण्याची गिऱ्हाइकं इथवर यायची. मिस्त्री गेले. त्यायच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पांढुर्णा जिल्हा झाला, मोठमोठे बोर्ड लागले, तरी तिथून जाताना हे अजून गाडी हळू करतात.

घरात मात्र त्या नाकानं मले लय तरास दिला. फोडणी करपली की हे गॅरेजातून वरडायचे. तुरीच्या डाळीत हिंग जुना आहे, हे दारातूनच सांगायचे. मी म्हणायची, "स्वयंपाकघरात नाक मुरडू नका, गाड्यायचे धूर हुंगा." भांडण व्हायचं, मग जेवण व्हायचं. दर साली संत्र्याच्या बहारात, फुलं आली की, आम्ही स्कूटरनं माह्या माहेरी जायचो, तर बोरगावच्या रस्त्यावर हे एका बगीच्याजवळ हमखास थांबायचे. गाडी बंद करून म्हणायचे, "थांब, नाक धुऊन घेऊ दे." मी मागं बसल्या बसल्या चिडायची, की घरी आई वाट पाहून राहिली अन् ह्यायचं काय चाललं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे तापले, अन् उठले. सारं ठीक आहे म्हणाले. पुढच्या बहारात आम्ही बोरगावले निघालो. तो बगीचा आला, पांढऱ्या फुलायनं झाडं भरलेली, वासानं माहं डोकं भरून गेलं, अन् हे थांबलेच नाहीत. सरळ गेले. तिथंच मले समजलं. मी मागं पदर तोंडाले लावून रडली, पण बोलली नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यायचं नाक गेलं, वास येत नाही, हे सौंसरात कळलं तर काय राहिलं?

त्या तापापासूनच हे मले स्वयंपाकातलं काही म्हणत नाहीत, हे मग ध्यानात आलं. जे वाढलं ते खातात. एक दिवस मी मुद्दाम दूध लागू दिलं, हे शेजारीच बसले होते, पेपर वाचत राहिले. इतकी वर्षं ज्या टोमण्यायनं माहं रक्त आटलं, त्याच टोमण्यायसाठी माहा जीव तरसून गेला.

गॅरेज चाललं, कारण नागपूरच्या आमच्या लेकानं, कुणालनं, स्कॅनर आणून दिला होता, गाडीचा बिघाड वाचणारं मशीन. आताच्या गाड्यायच्या धुराच्या नळीत एक सेन्सर असते. ते धुरातला ऑक्सिजन मोजते अन् गाडीच्या कॉम्प्युटरले सांगते, पेट्रोल जास्त झालं का कमी. त्याच्या मागं कन्वर्टर, म्हणजे धुरातलं विष मारणारं डबडं. हे सारं ह्यायनंच मले भाजी निवडता निवडता शिकवलं. त्या सेन्सरले हे 'नाक' म्हणतात. स्कॅनर सांगते, कोणतं नाक रडून राहिलं. काहून रडून राहिलं, ते सांगत नाही.

मुकुंदभाऊ पांढुर्ण्याचे संत्रेवाले. चिंधू मिस्त्रीच्या वेळेपासून ह्यायचे गिऱ्हाइक. दिवाळीत त्यायच्या जुन्या पांढऱ्या गाडीची इंजिनची पिवळी बत्ती लागली. स्कॅनर म्हणे सेन्सर खराब. ह्यायनं नवीन लावला, बत्ती गेली. संक्रांतीच्या सुमाराले पुन्हा लागली, अन् आता स्कॅनर म्हणे कन्वर्टर कमजोर. त्या दिवशी हे जेवले नाहीत. कुणालले फोन लावून म्हणाले, "ही गाडी आनखीन एकदा वापस आली तर मी कायमचं शटर ओढतो, अन् येतो तुह्याकडे."

कुणालले आनंद झाला. त्यानं खोली केव्हाचीच रिकामी करून ठेवली आहे. लेकरू चांगलं आहे माहं. पण मले सांगा, जो माणूस पहाटे उठून बोनेट उघडते, त्यानं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून करावं काय? मी त्यायले तसं बसलेलं पाहू शकली नसती. माहा जीव त्या पिवळ्या बत्तीत अडकला होता.

मुकुंदभाऊनं गाडी तपासायच्या आदल्या दिवशीच गॅरेजात ठेवून दिली अन् सकाळच्या बसनं आले. इंजिन गार पाहिजे होतं. थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातूनही वाफ निघून राहिली होती. ह्यायनं गाडी चालू केली. मागून पांढरा धूर निघाला, पण त्या थंडीत साऱ्याच गाड्या पांढरा धूर टाकतात, डोळ्याले काय समजणार?

"हुंगा मिस्त्री," मुकुंदभाऊ म्हणाले. "तुमच्या नाकावर आपला भरोसा आहे. मशीनवर नाही."

मी चहा घेऊन दारात उभी होती. हे उकिडवे बसले. डोळे मिटले, नाक नळीजवळ नेलं, चिंधू मिस्त्री मान वाकडी करायचे तशी मान वाकडी केली. सारं जसंच्या तसं. मले माहीत होतं, तिथं काही नाही. उठले अन् म्हणाले, "कन्वर्टरच दिसते, मुकुंदभाऊ. बदलून टाकू."

'दिसते' म्हणाले. ह्या माणसानं उभ्या जन्मात धूर हुंगून 'दिसते' म्हटलं नव्हतं. मले राहवलं नाही. चहा स्टुलावर ठेवला, साडी सावरली, अन् बसली त्या नळीमागं.

"शोभा, काय करून राहिली तू?"

"गोड वास येऊन राहिला," मी म्हटलं.

हे लाल झाले. मले वाटलं, आता वरडतात. झाकलेली मूठ मीच उघडली होती, अन् तीही मुकुंदभाऊसमोर. मग त्यायनं माह्याकडे पाहिलं. मले आधीपासून माहीत होतं, हे त्यायले तेव्हा समजलं. आवाज एकदम खाली आला.

"कसा गोड?"

"गुळाचा पाक भांड्याले लागला की येते, तसा. थोडा कडवटही आहे."

"करपट नाही? पक्कं?"

"मी चूल सांभाळते. करपट मले समजते."

हे मुकुंदभाऊकडे वळले. "भाऊ, रेडिएटरचं कूलंट कमी होते का?"

"नाही. टाकी काठोकाठ भरली आहे, पाहा ना."

"तुम्ही टाकता का त्यात काही?"

"हाव, ते हिरवं पाणी टाकतो ना रोज सकाळी. बैलाले पाणी दाखवल्याबिगर जुपाचं नाही, हे बापानं शिकवलं. त्यात काय सांगाचं?"

आता ह्यायले हसावं का रडावं समजेना. इंजिनचं डोकं अन् धड याच्या मधात गॅसकेट असते, पातळ पत्र्याची. ती एका जागी जळली होती. तिथून कूलंट थोडं थोडं आत जाऊन पेट्रोलासंगं जळून राहिलं होतं. तोच गोड धूर सेन्सरले चढला, मग कन्वर्टरले. मुकुंदभाऊ रोज पाणी पाजत, म्हणून टाकी कधी कमी दिसली नाही. म्हशीले दुखणं अन् पखालीले इंजेक्शन, तशी गत झाली होती. नवं कन्वर्टर लावलं असतं तर तेही गेलं असतं.

ह्यायनं इंजिनचं डोकं उतरवलं अन् तो जळका डाग मले बोलावून दाखवला. गॅसकेट नवी आली, सेन्सर नवा आला. कन्वर्टर थोडं कमजोर झालं होतं, पण चांगला धूर मिळाल्यावर सावरलं. गाडी नेताना मुकुंदभाऊ ह्यायच्या नाकाबद्दल काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळीही तुम्हीच चहा आणा." मोठ्या मनाचा माणूस.

त्या दिवसापासून गाडी आली की हे गॅरेजातून हाक मारतात, "शोभा, ये बरं जरा." मी भाजी टाकून जाते अन् वास सांगते. त्याचा अर्थ हे सांगतात. माहं सांगणं ह्यायले पटत नाही, खोदून खोदून विचारतात, आमचं भांडण होते. लय वर्षांनी घरात भांडण होऊन राहिलं.

परवा आम्ही बोरगावले निघालो. पिवळी बत्ती अजून लागली नाही, असा मुकुंदभाऊचा फोन निघता निघताच आला होता. बगीचा आला, अन् ह्यायनं स्कूटर थांबवली. चाबी फिरवून गाडी बंद केली.

"सांग," म्हणाले.

"काय सांगू? आला बहार."

"कसा आला? नीट सांग."

मी सावकाश वास घेतला. म्हटलं, "कुणाल लहान होता तेव्हा त्याले न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळायची मी, तसा. अन् वरून संत्र्याची साल सोलल्यासारखा."

हे डोळे मिटून ऐकून राहिले होते. "आनखीन?"

"आनखीन काय, तुमच्या शर्टाचा पेट्रोलचा वास मधात येऊन राहिला."

ह्यायनं डोळे उघडले. बाही नाकाशी नेली, मग खाली केली.

"तो अजून येते का?"

"येते," मी म्हटलं. "साबणानं नाही गेला."