भुयारी स्टेशनातला पंप

"पंप चालू आहे, पण पाणी चढतंच आहे," फोनवर नादिया म्हणाली.

मी तुर्भ्याला पंप कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. नादिया पार दुसऱ्या देशात, युद्ध चालू असलेल्या शहरात, भुयारी रेल्वे स्टेशनची ड्युटी ऑफिसर. वर बॉम्ब पडत होते, म्हणून माणसं पोराबाळांसकट प्लॅटफॉर्मवर अंथरुणं घालून राहत होती. जमिनीतून झिरपणारं पाणी तिथे एका खड्ड्यात साठतं आणि आमचा पंप ते बाहेर फेकतो. आता ते रुळांवर आलं होतं. प्लॅटफॉर्मवर आलं की सगळ्यांना वर जावं लागणार, बॉम्बखाली.

"मेकॅनिक कुठाय?"

"वर अडकलाय. मी आहे आणि एक स्क्रू ड्रायव्हर आहे."

"पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यात कचरा अडकला असणार. पंप बंद करून काढा."

गुडघाभर पाण्यात उतरून तिने जाळी काढली, व्हिडिओवर दाखवली. लख्ख! मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा लख्ख. तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, इथे कोणी कचरा टाकत नाही."

अर्धा तास माझ्यामुळे फुकट गेला. पाणी वीतभर चढलं.

मागून आमचे फिटर म्हात्रेकाका ओरडले, "अगो, मोटार कंच्या बाजूला फिरते तं पयले इचार!"

अरे देवा! तिथे शहराची वीज गेली होती, जनरेटर घाईत जोडलेला. थ्री फेज मोटारच्या तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. आवाज करते, पण पाणी नीट उचलत नाही. नादियाने कॅमेरा मोटारच्या मागच्या पंख्यावर धरला. मोटारवर छापलेल्या बाणाच्या उलट फिरत होता!

"दोन वायरी बदला. पण आधी जनरेटर बंद."

"दिवेपण जातील."

"जाऊ देत."

तिने लोकांना काहीतरी सांगितलं. काळोख झाला. आमच्या कोपरखैरण्यात दोन मिनिटं लाइट गेली तर लोक सोसायटी डोक्यावर घेतात. तिथे एक ओरड नाही. एकेक मोबाइलचा टॉर्च लागला, सगळे तिच्या हातांवर. वर धडामधुडूम चालूच. तिने न चुकता दोन्ही वायरी बदलल्या.

जनरेटर लागला. पाइप घुमला.

"उतरतंय!" ती हसतहसत रडायला लागली. मीही रडले, लपवायचं काय त्यात?

तासाभराने फोटो आला. रूळ उघडे, अंथरुणं जागच्या जागी. कोणालाही वर जावं लागलं नव्हतं.

वीस वर्षं नोकरीत लोकांनी टाकलेल्या, पंपात अडकणाऱ्या कचऱ्याला शिव्या घातल्या. त्या दिवशी मी चुकले, ते कचरा नव्हता म्हणून.