मोंढ्यातल्या काट्यावर चढवलेली नाव

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. ऑफिसात खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त होती आणि दोघादोघांत एक टेबल. मी कनिष्ठ लिपिक, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरत होते, आणि नेमकी तेव्हाच पुराच्या कामासाठी आमच्या जिल्ह्याला एक नाव मंजूर झाली. नांदेडला गोदावरीकाठच्या सरकारी गोदामात ती पडून होती. दुष्काळात नाव ओढत आणणाऱ्याला लोक हसणार हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून ती ताब्यात घेण्याचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं.

संशय घेणं मी घरीच शिकले होते. आजोबांनी धम्मदीक्षा घेऊन गावकीची कामं सोडली, पण त्याआधी त्यांचा अंगठा घेऊन कुणी काय काय लिहून घेतलं होतं, ते आमच्याकडे जेवताना बोललं जाई. वडील शाळेत शिपाई. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की सही करायची तर वस्तू डोळ्यांनी बघून करायची.

जीप ऑफिसची आणि ड्रायव्हर उदगीरकडचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना मामा म्हणायची. नांदेडला पोचलो तेव्हा गोदामाचे भांडारपाल कागद तयार ठेवूनच बसले होते. साठीकडे झुकलेले, स्वच्छ धोतरातले गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. सरळ पेन पुढे केलं आणि ऊन चढायच्या आत निघा, म्हणाले. मला ती घाई आवडली नाही. मी कागद वाचायला घेतला. फायबरची नाव एक, दोन चाकांचा ट्रेलर एक, वल्ही चार. पुढे वजनाच्या रकान्यात नाव आणि ट्रेलरचं मिळून सहाशे किलो लिहिलेलं होतं, आणि त्यातला सहाचा आकडा खाडाखोड करून गिरवलेला होता.

मी विचारलं तर म्हणाले, शाई फुटली. नाव कधी तोलली होती का, या प्रश्नावर त्यांनी नुसता चष्मा पुसला.

मामा तोवर ट्रेलर हुकाला अडकवून आवारात एक चक्कर मारून आले होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"ताई, म्या ब्रेक मारला, जीप थांबली. मग क्षणभरानं मागून पुन्हा दणका. कोणीतरी आत बसून ढकलायलंय असं वाटतंय."

नावेत तर कुणी नव्हतं. वल्ही बांधलेली होती. मामांनी आणखी एक दाखवलं. ट्रेलरचे टायर हवा भरूनही खाली बसले होते. या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही, ते म्हणाले. आठशे किलोच्या वर असेल तर उतारावर जीपला तो आवरायचा न्हाई, आणि वाटेत बालाघाटाचे चढ-उतार हायेत. वजन कळल्याशिवाय ते गाडी काढणार नव्हते.

माझ्या डोक्यात मात्र उतार नव्हता. नावेला दुहेरी तळ होता, वरून फळ्या आणि मधे पोकळी. त्या दिवसांत रॉकेलसाठी रांगा लागत. सरकारी नाव, सरकारी जीप, वाटेत कोण अडवणार? माझ्या सहीखाली कुणाचं तरी रॉकेल लातूरला चाललंय, अशी माझी खात्रीच झाली. भांडारपालांची घाई, तो गिरवलेला सहा, सगळं जुळत गेलं. मी नाव तोलल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांना सांगितलं.

ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "बाई, तीस वर्षं या गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत."

मी त्यांचं पेन परत ठेवलं. मग ते स्वतःच कुलूप लावून आमच्याबरोबर निघाले. माझ्यावर त्यांचाही विश्वास नव्हता हे उघड होतं. नव्या जिल्ह्याची माणसं वस्तू मोडून जुन्यांच्या नावावर घालतात, असं ते मामांना ऐकू जाईल इतक्या आवाजात पुटपुटले. जीपमध्ये ते मागे बसले आणि सगळा रस्ता नावेकडे तोंड करून होते.

मोंढ्यात, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत, एका जिनिंग कारखान्याचा मोठा वजनकाटा होता. कापूस नव्हता, त्यामुळे काटाही रिकामा. काटेवाल्याने नाव बघितली, आकाश बघितलं आणि आमची चौकशी सुरू केली. पत्र दाखवल्यावर तयार झाला. नुसता ट्रेलर तोलायला गेलं तर त्याचं नाक जमिनीवर टेकतं आणि हिशेब फसतो, म्हणून मामांनी सोपी रीत काढली. आम्ही सगळे उतरलो. आधी जीप आणि ट्रेलर जोडलेले असे एकत्र काट्यावर घेतले, मग ट्रेलर बाहेर सोडून एकटी जीप तोलली. दोन्ही चिठ्ठ्या मी हातात घेऊन वजाबाकी केली, मग पुन्हा केली. नाव आणि ट्रेलर मिळून अकराशे चाळीस किलो भरत होते.

भांडारपालांनी चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि स्वतः वजाबाकी केली. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोर सापडला.

"तळात काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग उघडून दाखवा."

मामा नावेखाली आडवे झाले. मागच्या बाजूला, रंगाच्या चार थरांखाली, त्यांच्या नखाला एक पितळी बूच लागलं. पान्याने रंग फोडून त्यांनी ते फिरवलं. मी वास घ्यायला वाकले होते, रॉकेलचा. आधी थेंब आले आणि मग करंगळीएवढी काळी धार सुटली. कुजलेल्या गाळाचा इतका उग्र वास आला की काटेवाला नाकाला धोतर लावून मागे सरला. ते पाणी होतं. गोदावरीचं, कधीचं कोण जाणे.

 त्या उन्हाळ्यात एवढं पाणी वाहताना मी बघितलं नव्हतं. जिनिंगच्या राखणदाराच्या दोन शेळ्या धावत आल्या, तोंड लावलं आणि शिंकरून परत फिरल्या. धार दीड-दोन तास चालली. मामा मधूनमधून ट्रेलरचं नाक उचलत, की तळाचा कोपरा निथळावा.

धार बारीक झाली तेव्हा भांडारपाल माझ्याजवळ आले. जुन्या एका पुरात ते स्वतः या नावेत होते, त्यांनी सांगितलं. माणसं काढताना नाव घाटाच्या बुडालेल्या पायऱ्यांवर आदळली, तळाला फट गेली. जबाबदारी अंगावर येईल म्हणून त्यांनी ती कुठेच न लिहिता बुजवली आणि वरून रंग दिला. वजनाचा आकडा अंदाजाने टाकला होता.

"फट मला ठाऊक होती, बाई," ते म्हणाले. "पाण्याचं नाही."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. बूच चार थरांच्या रंगाखाली कसं गेलं, हे मी विचारलं नाही. रॉकेलचं त्यांना मी तोंडाने बोलले नव्हते, पण वाकून वास घेताना त्यांनी मला बघितलं होतं.

पुन्हा तोलली तेव्हा नाव आणि ट्रेलर मिळून सातशे नव्वद भरले. मामांनी मान हलवली, चालेल म्हणाले, पण दुसऱ्या गिअरातच. मी कागदावर सहाशे खोडून खरं वजन लिहिलं आणि खाली, तळाला जुनी दुरुस्ती, एवढं नोंदवून सही केली. कुणी केली, कधी केली, ते लिहिलं नाही. भांडारपालांनी ते वाचलं, शेजारी सही केली आणि रिक्षा करून निघून गेले. निघताना त्यांनी मामांना रामराम केला. मला केला नाही.

लातूरला एक दिवस उशिरा पोचलो. नांदेडला नातेवाइकांकडे राहिलात का, असं साहेबांनी विचारलं. मी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या उलट्यासुलट्या बघितल्या आणि नाव तोलायची काय गरज होती म्हणाले. मामा दारात उभे राहून उतारांबद्दल बोलू लागले, तेव्हा साहेबांनी हात वर करून थांबवलं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. माझ्या जागी आलेला कारकून नुकताच नोकरीला लागलेला होता. त्याने चार्ज घेताना प्रत्येक स्टूल हलवून बघितलं, टाइपरायटरची एकेक कळ दाबून बघितली, आणि गठ्ठ्यातले कागद मोजताना दर वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. संध्याकाळ होत आली. माझी बस चुकली. मला राग आला, पण त्याला घाई करा असं म्हणणं मला जमलं नाही. मी कपाटाच्या किल्ल्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि तो मोजून होईपर्यंत बसून राहिले.