उघड्या विहिरीच्या नोंदी

नागपूरच्या मेडिकल स्कूलची पदविका घेऊन मी डोणगावात दवाखाना उघडला, तेव्हा माझ्याजवळ एक टेबल, दोन खुर्च्या आणि नको तेवढा वेळ होता. आमचं खेडं तिथून दोन कोसांवर. सकाळी सायकलवर यायचं, दिवसभर खोकल्याची औषधं द्यायची आणि दिवेलागणीला परतायचं, असा क्रम. मला त्या आयुष्याचा कंटाळा आला होता आणि कंटाळा लपवण्याइतका सभ्य मी तेव्हा नव्हतो. रोग्यांवर खेकसायचो. वडील म्हणत, याला डॉक्टर करण्यापेक्षा फौजदार केलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात निम्मे रोगी नारूचे असत. हल्लीच्या वाचकाला नारू ठाऊक नसेल म्हणून सांगतो. पायावर फोड येतो, फुटतो आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोकावतो, हातभर लांब. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून माणूस जायबंदी होतो. म्हणून त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर, जेवढा निघेल तेवढाच बाहेर घ्यायचा. आमच्या गावी हे काम न्हावी करी आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करी. मी पदविकाधारक नुसता बघत उभा राहायचो.

नारू येतो कुठून, हे मात्र मला पुस्तकातून ठाऊक होतं. नारूचा माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, गुडघाभर पाण्यात उभा राहून घागर भरतो आणि त्याच्या फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात पडतात. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक ठिपक्याएवढे जीव गिळतात आणि ते ठिपके आपण पितो. बरोबर वर्षभरानं आपल्याच पायाला फोड येतो. वर्षाचं हे अंतर असल्यामुळे विहिरीवर कोणाचा संशय जात नाही. इतक्या दिवसांमागं काय प्यालो हे कोण लक्षात ठेवतो?

मेहकरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडून मी एक चांगलं भिंग मागून आणलं आणि आषाढात आमच्या गावच्या विहिरीतले ठिपके मोजायला सुरुवात केली. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला दहा घागरी पाणी मलमलीतून गाळायचं, मलमल पांढऱ्या बशीत खळबळायची आणि भिंगाखाली मोजत बसायचं. बायका घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघत आणि पदरात तोंड घालून हसत. मी वहीत आकडा लिहायचो. खरं सांगतो, शिकलो त्यापैकी तेवढ्याच कामात मला गोडी वाटली.

पौषात सरकारी गॅझेटात जाहिरात आली. वैद्यकीय संशोधनाचं शिक्षण देण्यासाठी वऱ्हाड-मध्यप्रांतातून एका तरुण डॉक्टराला शिष्यवृत्ती मिळणार होती. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं. जागा एकच. जाहिरात वाचल्यावर मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. ती जागा मिळाली नाही तर उरलेला जन्म डोणगावात खोकल्याच्या बाटल्या भरण्यात जाणार, हे मला दिसत होतं.

अर्ज तीन प्रतींत, टंकलिखित हवा होता. मेहकरला तहसिलीबाहेर एक अर्जनवीस टंकयंत्र घेऊन बसत असे. ‘पूर्वी केलेले संशोधन’ या रकान्यापाशी तो थांबला.

“काय लिहू, साहेब?”

“गावातल्या विहिरीच्या पाण्याची बारा महिन्यांची निरीक्षणं.”

“झालेली हाये का व्हऊन राह्यली?”

झाले होते सात महिने. पण मुलाखत आषाढात होती आणि तोवर बारा सहज भरणार होते. आज खोटं असलं तरी मुलाखतीच्या दिवशी ते खरं होणार, असा मी हिशेब केला.

“झालेली लिहा,” मी म्हणालो.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. मुलाखतीला बोलावलं होतं आणि खाली एक ओळ होती: बारा महिन्यांच्या निरीक्षणांची मूळ वही सोबत आणावी.

त्याच आठवड्यात पाटलांनी विहिरीच्या पायऱ्या बुजवायचं ठरवलं. हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या घरात दोघांना नारू झाला, तेव्हा मी चिडून म्हणालो होतो की पायऱ्यांवर भिंत घाला, वर कठडा बांधा, रहाट लावा, म्हणजे कोणी पाण्यात उतरणार नाही आणि नारू संपेल. आता माघात पाणी खाली गेलं होतं, कापसाची वेचणी आटोपली होती आणि दगड येऊन पडले होते. गवंडी गावचाच. मुसलमान, पन्नाशीचा, वेशीजवळ राहणारा. सगळं गाव त्याला चाचा म्हणे. त्यानं दोरी लावून भिंतीची आखणीसुद्धा करून ठेवली होती.

मी पाटलांच्या ओसरीवर गेलो, तेव्हा चाचा तिथेच होता. मी म्हणालो, भिंत ज्येष्ठाअखेर बांधू या.

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. “काऊन बा? तूच तं पाठीमांगं लागला होता.”

मी खरं ते सांगितलं. पायऱ्या बुजवल्या की पाणी बदलणार, माझी मोजणी मोडणार. उन्हाळा धरून उरलेले पाच महिने हेच मुख्य, आणि तेच वहीत नसले तर मुलाखतीला जाण्यात अर्थ नाही.

आता कोणी विचारेल की आकडे बसल्या जागी बनवून का लिहिले नाहीत. कोणाला कळलं असतं? पण आकडे बनवायला माझं मन धजेना. ती शास्त्राशी बेइमानी झाली असती. त्या इमानदारीचा मला पुढे बरीच वर्षं अभिमान होता.

“म्हंजे तुही नोकरी या हिरीवर हाये,” पाटील म्हणाले.

“हाव.”

“मंग राहू दे. गावचं पोरगं मोठं व्हत असन तं आपून काऊन आडवं या?” त्यांनी चाचाकडे पाहिलं. “काय म्हंतं, चाचा?”

चाचा दोरी गुंडाळत होता. “मले काय हरकत हाये? आजवर पेलो तसंच पिऊ. पाच महिन्यानं काय व्हते?”

पाच महिन्यांनी काय होतं ते त्या ओसरीवर फक्त मला ठाऊक होतं, असं मी तेव्हा धरून चाललो. मी म्हणालो, तोवर पाणी दुपदरी कापडातून गाळून प्या. हे मी एकदाच म्हणालो. पाटलीणबाईंनी ते पाळलं. बाकीच्यांनी घरी पाळलंही असेल, पण उन्हातान्हातून आलेला माणूस पायऱ्या उतरून ओंजळीनं पितो तेव्हा कापड कुठलं आणणार?

ते पाच महिने मी मोजत राहिलो. फाल्गुनात बशीतले ठिपके वाढले. चैत्रात आणखी वाढले. वैशाखात पाणी तळाशी गेलं, लोक लंगडत खाली उतरून डबक्यातून घागरी भरू लागले आणि बशी इतकी भरली की मोजताना डोळे दुखले. मला आनंद झाला. हे लिहायला अवघड जातंय, पण झाला होता. आकडा जितका मोठा तितका माझा कागद वजनदार. मी शेवटच्या पायरीवर बसून लिहीत असायचो आणि माझ्यासमोर माणसं पाणी पीत असायची. चाचाही त्यांत असे. रामराम करी, तोंड धुई, ओंजळीनं पाणी पिई आणि ओले हात पैरणीला पुसत वर जाई.

ज्येष्ठ अमावस्येची शेवटची मोजणी झाली आणि दुसऱ्या दिवशी चाचानं काम सुरू केलं. पाऊस जोर धरायच्या आत भिंत उभी राहिली. मी नागपूरला निघालो तेव्हा ती ओली होती.

मुलाखतीला तिघे बसले होते. मधल्या साहेबानं वही घेतली, पानं उलटली आणि वैशाखापाशी थांबला. शेजारच्याला दाखवलं. दोघांनी माना हलवल्या. तिसरे एक आपल्याकडचे वयस्क डॉक्टर होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “या कामात गावकऱ्यांनी सहकार्य केलं?”

“पूर्ण,” मी म्हणालो. मुलाखतीत मी दिलेल्या उत्तरांत इतकं खरं उत्तर दुसरं नव्हतं.

जागा मला मिळाली. गावात पेढे वाटले. पाटलांनी मला सायकलवरून जाऊ दिलं नाही. आपली दमणी, ती हलकी बैलगाडी, जुंपून मेहकरपर्यंत सोडायला आले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत राहिले.

प्रयोगशाळेत मी सुखी होतो. खरंखुरं सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, रंगाच्या बाटल्या आणि बोलायला माझ्यासारखीच येडी माणसं. माझ्या वहीवरून अहवाल लिहावा असं आमच्या प्रमुखांनी ठरवलं. पुढच्या वैशाखात मी महिन्याच्या रजेवर निघालो, तेव्हा त्यांनी छापील तक्ते हातात दिले. त्या गावात यंदा नारूचे रोगी किती आणि कोण, ते भरून आणा म्हणाले. विहीर कधी बंद झाली याची तारीख पक्की माहीत असलेलं गाव सहसा मिळत नाही, तुम्ही नशीबवान आहात, असंही म्हणाले.

रोगी शोधावे लागले नाहीत. वेशीजवळच्या एकेका घरासमोर एकेक पाय पसरलेला होता. भिंत माघात उभी राहिली असती तर यंदा ते सगळे शेतात असते. हे मला तक्ता न भरताच कळलं.

चाचा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या घोट्याला चिंधी, चिंधीवर तुरीची काडी आणि काडीवर किडा गुंडाळलेला. डाव्या पायालाही फोड आला होता. जानेफळला शाळेची इमारत उभी राहत होती, ते काम त्याच्याकडे यायचं होतं. ते दुसऱ्यानं घेतलं होतं. मी खाली बसलो आणि त्या दिवशीचा बोटभर किडा काडीवर घेतला. प्रयोगशाळेतल्या बारीक कामानं माझे हात आता न्हाव्याच्या तोडीचे झाले होते.

“चाचा,” मी म्हणालो, “भिंत माघात झाली असती तर हे झालं नसतं.”

“मालूम हाये.”

“कधी कळलं?”

“तवाच. भिंत काऊन बांधाची ते बांधणाराले मालूम नसन काय? तुम्हीच तं त्याच्या आदल्या साली सांगतलं होतं पाटलाले, मी तिथंच बसलो होतो.” त्यानं पाय जरा सरकवला. “पन तुमचं काम अडलं होतं, बाबू. आन मले वाटलं, तुम्ही मोजून राह्यले, तं जास्तीचं झालं की बंद करा म्हनसान.”

तो रागवला असता तर मी वाद घातला असता. वाद घालायला मी कधीच मागे नव्हतो. तो माझ्यावर विसंबला होता. मी काडी चिंधीत खोचली, पाणी गाळून प्या म्हणालो आणि उठलो. इतकं निर्बुद्ध वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

रजा संपेपर्यंत मी रोज त्याच्या ओट्यावर जाऊन काडी फिरवली. उजव्या पायाचा किडा सबंध निघाला. डाव्याचा अर्ध्यात तुटला. माझ्याच हातून तुटला. पाय सुजला आणि गुडघ्यात आखडला. पुढे चाचा बसून दगड घडवी, पण परांचीवर पुन्हा चढला नाही.

तक्ते मी परतीच्या आगगाडीत पुरे केले. नावं, वयं, घरं भरली. शेवटचा रकाना होता: विहीर बंद करण्याचं ठरल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि विलंबाचं कारण. खरं लिहिलं असतं तर शिष्यवृत्तीचं दुसरं वर्ष गेलं असतं, कदाचित सगळंच गेलं असतं. मग मी लिहिलं: गवंडी वेळेवर उपलब्ध झाला नाही.

अहवाल छापला गेला. त्याच्या जोरावर मला पुढची नोकरी मिळाली आणि त्याच कामात माझं आयुष्य गेलं. मला त्या ओळीची लाज वाटते, आजच नव्हे, त्या आगगाडीतच वाटली होती. अहवाल नंतर दोनदा पुन्हा छापला गेला आणि दोन्ही वेळा मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली. मी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि परत पाठवली.