माळावर निसटलेली धाव

त्या वर्षी ईदची सुट्टी नेमकी जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या आठवडी सुट्टीला लागून आली आणि बीडची आमची कचेरी सलग तीन दिवस बंद राहिली. मी सासरवाडी गाठली. आंबेजोगाईचे माझे साडू, पेशानं मास्तर, आधीच ओसरीवर लोडाला टेकून बसले होते. दोन जावई शेजारी बसले की एकमेकांवर कडी करण्यापलीकडं काम ते काय असणार? त्यांनी हैदराबाद पाहिल्याच्या गोष्टी सुरू केल्या. मी म्हणालो, "शहर कुणीही बघतं. चला, वरच्या माळावर मुक्काम ठोकू. आपण, बैलगाडी आन् आभाळ!"

बोललो आणि हौसेनं अंगावर काटाच आला. बालाघाटाचा तो माळ म्हणजे कुसळं, तापलेला काळा खडक आणि नजर जाईल तिथवर झाडाचा पत्ता नाही. उन्हाळ्यात तिकडं चिटपाखरू फिरकत नसे. मला तर कधी निघतो असं झालं!

जावयाला नाही म्हणायची सोय नव्हती. सासऱ्यांनी आपली खिलारी जोडी जुंपून दिली, पण कासरा काही त्यांच्या हातून सुटेना.

"लेकी दिल्या तवा येवढं वाटलं न्हाई," ते म्हणाले. "जावईबापू, आधी बैलाला पाणी, मग तुमाला. वर पाणी न्हाई कुठंच."

पाण्याच्या तीन घागरी, कडबा आणि भाकरीचं गाठोडं घेऊन आम्ही निघालो. चढ संपून गाडी माळावर आली आणि मी जागेवर उभा राहून ओरडलो. समोरून काळविटांचा कळप उधळला! साडू शिंगं मोजायला निघाले, मी त्यांच्या मागं. दोघांच्या धोतरांत कुसळं भरली, ती काढता काढता संध्याकाळ झाली. गाडीच्या साट्यावर जाजम ताणून आम्ही राहुटी केली. एक घागर बैलांना पाजली, पिठलं रटरटलं. असा बादशहा मी कचेरीत एक दिवसही झालो नव्हतो.

सकाळी त्या बादशहाला अंघोळीची लहर आली. उघड्या माळावर, उगवत्या उन्हात, चांगली घागरभर!

साडू तोंडात बोट घालून बघत राहिले. "राव, लगीन हाय का कुनाचं?"

आणखी पुढं जाऊ म्हणून मीच हट्ट धरला. दुपारी गाडी एका उतारावर, पार तव्यासारख्या खडकावर सोडली. का? तर तिथून दरी लई झकास दिसत होती. दरी बघून पोट भरल्यावर पुन्हा जुंपली, चार पावलं गेलो आणि खण्णकन आवाज झाला. उन्हानं चाकाचं लाकूड आकसलं होतं. त्याभोवतीची लोखंडी धाव निसटली आणि पोरांच्या चक्रीसारखी उतारावरनं पळत सुटली.

"धरा! धरा!" साडू ओरडले.

"तुमी धरा, तुमी थोरले!"

दोघंही धावलो. साडूंचा फेटा सुटला, माझी वहाण उडाली, आणि धाव एका धोंड्याला अडून भोवळ येऊन पडली. हसून हसून आम्हीही तिच्याशेजारी पडलो.

वर आल्यावर मात्र हसू आटलं. पाणी उरलं होतं एक घागर. लाकूड भिजून फुगलं तर धाव बसणार, गाडी घरी जाणार. पण बैलांनी सकाळपासून थेंब घेतला नव्हता आणि गाव लांब.

"चाकाला पाजू," साडू म्हणाले. मी तांब्या ओतला. लाकडानं तो चर्रकन पिऊन टाकला, धाव काही बसेना. दुसरा ओतणार तोच डावा बैल मान लांबवून पुढं आला आणि ओला आरा चाटायला लागला.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. साडूंनी परात पुढं ठेवली, मी घागर तीत उपडी केली. आमच्यासाठी ओठ ओले करण्यापुरतंही उरलं नाही. गाडी तिथंच टाकून बैल घेऊन निघालो.

दिवस मावळता वेशीत पोचलो. सासरे वाटेकडं डोळे लावून उभे होते. जावयांकडं पाहायच्या आधी त्यांनी बैलांच्या पोटावर, नाकपुड्यांवर हात फिरवला.

"पाजलं?"

"सगळं," मी म्हणालो. जीभ टाळूला चिकटली होती.

"आन् गाडी?"

"हवा खात बसलीय."

आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली. "बसू द्या," ते म्हणाले. "लाकडाची हाय."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची गाडी, पाण्यानं भरलेल्या पखाली आणि स्वतः सासरे! माळावर चाकाला ओली गोणपाटं गुंडाळली. पाणी मुरेपर्यंत वांगी भाजली. काळविटं पुन्हा आली तेव्हा सासरे पोरासारखे उठून उभे राहिले.

"जल्म गेला ह्या माळाखाली," ते म्हणाले, "पर कामाबिगर कवाच आलतो न्हाई वर."

रात्र माळावरच काढली. सकाळी साडूंनी धाव ठोकून बसवली. ती घट्ट बसली, चांगली खणखणली. कचेरी माझी वाट बघत होती. मी जू उचलायला वाकलो. सासरे दरीकडं तोंड करून बसले होते, तिथूनच म्हणाले, "आजून जरा भिजू द्या."