गोळी लागायच्या आधी

माझे वडील सिनेमात मरायचे. हिरोने बंदूक चालवली की समोरच्या गुंडांपैकी एकजण जिन्यावरून गडगडत खाली येतो ना, ते बाबा. विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीतून पहाटे निघायचे ते रात्री छातीवर लाल डाग घेऊन परतायचे. शर्टाच्या आत रंगाची पिशवी आणि छोटा फटाका बांधत. तो फुटला की रंग उडायचा आणि खालची कातडी पोळायची. त्यांच्या हातातली बंदूक मात्र लाकडाची, काळा रंग फासलेली. मरणाऱ्याला तेवढी पुरते, असं ते म्हणायचे.

आईला हे काम मुळीच पसंत नव्हतं. पिक्चर लागला की आम्ही तिघं कल्याणला बघायला जायचो, पण पडद्यावर बाबा दिसले की ती पदर सावरून उठायची आणि बाहेर जाऊन उभी राहायची. सवाष्णीने नवऱ्याचं मरण पाहू नये, खोटंसुद्धा. परत आली की आधी शेजारी बसलेल्या बाबांच्या मनगटाला हात लावायची, मगच खुर्चीत टेकायची. घरी आल्यावर मीठ-मोहरीने दृष्ट काढायची. बाबा हसायचे. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्या हिशेबाने आपण शंभरी सहज ओलांडणार, असं ते आईला चिडवायचे.

मला त्या सिनेमांचा आजही राग येतो. हिरोला नुसतं खरचटलं तरी सगळे रडत बसणार, आणि बाबा पडले की कॅमेरा त्यांना ओलांडून पुढे. पडलेल्याच्या घरी कोणी आहे का, हे तिथे कुणालाच विचारावंसं वाटत नाही.

बाबा खरे गेले ते घरातच, सकाळचा चहा पिऊन. भिंतीला टेकले आणि तसेच राहिले. साठीसुद्धा गाठली नव्हती.

काही महिन्यांनी आई म्हणाली, "ह्यांचं चालतं-फिरतं काही नाही का गं कुठे? फोटोत नुसते बघत बसतात."

आमच्याकडे लग्नाची कॅसेटही नव्हती. चालते-फिरते बाबा उरले होते ते फक्त सिनेमात. मी मोबाइलवर एक जुना पिक्चर शोधला, शहाडच्या एका बंद कारखान्यात शूटिंग झालेला. लोखंडी जिना, आणि त्यावरून लाकडी बंदूक घेऊन पळत वर चढणारे बाबा. सडपातळ, केस काळेभोर. मध्येच मागे वळून बघतात. आईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. आता ती उठून बाहेर जाईल म्हणून मी तिच्याकडे बघत होते. ती हलली नाही. हिरोने बंदूक उचलली तसा तिने माझा हात घट्ट धरला.

"थांबव."

मी थांबवलं.

"आता परत पहिल्यापासून लाव."

त्या दुपारी बाबा तो जिना पुन्हा पुन्हा चढले. आईने गोळी एकदाही सुटू दिली नाही.