टोप्यांतला जव

फार्मवर काम केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते तणासारखे आपोआप उगवतात. टिकत नसे तो आमचा जव!

ही महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहाद्याबाहेरच्या छोट्या सरकारी फार्मवर मी कामदार होतो. आमच्या लेलेसाहेबांना तांबेरा रोगाला दाद न देणारा आणि भरघोस उतरणारा जव तयार करायचा होता. तालुक्यात तो कुणी मागितला नव्हता, हा भाग वेगळा!

*

दोन जातींचा संकर करताना साहेब चिमट्यानं फुलांतले पुंकेसर काढत आणि ओंबीवर कागदी पिशवी बांधत. वॉचमन गुलाबआबाची बायको जिजीबाय तिथं झाडलोट करी. तिनं विचारलं, "साहेब, जवले टोप्या काबर घाल्यात? थंडी वाजी ऱ्हायनी का?"

"लग्न आहे त्यांचं," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवीला हळदीचं बोट!

"लगीन शे ना? मंग हयद नको का?"

*

रोगापुढे कोणतं रोप टिकतं हे कळायला आधी रोग यावा लागतो. म्हणून साहेब तांबेऱ्याची पानं आणून जवावर झटकत. ब्राह्मणपुरीचे एक पाटील ते बघून बांधावरच थबकले.

"आम्ही रोग जावो म्हनीसन नवस करतस, नि तुम्ही त्याले आवतन देतस!"

साहेबांनी त्यांना एकरी उताऱ्यावर अर्धा तास भाषण दिलं. पाटलांनी ते शांतपणे ऐकलं.

"ते समदं ठीक शे. पन खावाले कसा लागस?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जिजीबायकडे. त्या दिवशी आमच्या जवाची पहिली भाकरी झाली. पाटलांनी तुकडा बराच वेळ चघळला, वर ते तांब्याभर पाणी प्यायले.

"साहेब, काळजी सोडा. येले रोग बी खावाव नही!"

*

शेवटी एका वर्षी तांबेऱ्यानं सगळा प्लॉट खाल्ला आणि त्यात एकच रोप हिरवं राहिलं. साहेबांनी त्याचं मूठभर बी कापडी पुरचुंडीत बांधून ऑफिसात खुंटीला टांगलं. पुण्याच्या कचेरीतून निरोप आलाच होता : यंदा काही दिसलं नाही, तर जव मोडून तिथं कापूस लावा.

पेरणीच्या तोंडावर पुरचुंडी गायब!

"इतलं जपीसन ठेयेल बी," जिजीबाय म्हणाली, "म्हनीसन देवीना घटमा पेरं. देवीले चांगलंच देवो ना?"

देवळात बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मला साहेबांची फार दया आली. कुठल्याही देवाला हात न जोडणारा हा माणूस रोज आरतीला हजर! आरती संपली की खिशातून भिंग काढून अंकुर न्याहाळत बसायचा. गुलाबआबा सगळ्यांना सांगत सुटला, "साहेबले देवी पावनी!"

दसऱ्याला साहेब ओलं गोणपाट घेऊन पोचले, तोवर घट उठला होता. रिवाजाप्रमाणे कोवळे जव मुळासकट उपटून गावकऱ्यांनी टोप्यांत खोवले होते. साहेबांनी आपट्याची एक फांदी मोडली आणि ते दारोदार निघाले. सोनं द्यायचं, गळाभेट घ्यायची, आणि टोपीतला जव चिमट्यानं अलगद काढून घ्यायचा. मागून मी गोणपाट धरून.

माघात पुण्याचे मोठे साहेब आले. आजूबाजूला सगळीकडे तांबेरा आणि मधली एक रांग हिरवीगार. त्यांनी खुशीत विचारलं, "पेरणी कधीची?"

"घटस्थापनेची."

"थेट शेतात?"

"नाही. लावणी दसऱ्याला केली," लेलेसाहेब म्हणाले. "टोप्यांतून."